देवघेव : शिकलेलं शास्त्र आणि काउंटरवरचा माणूस

(या सदरात सांगलीच्या एक निवृत्त ग्रंथपाल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.)

प्रश्न : बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी वाळवा तालुक्यातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात लागले. इथे पुस्तकं दाखल अंकानुसार, म्हणजे ज्या क्रमानं आली त्या क्रमानं लावली आहेत, विषय सांगणारा वर्गांक कुणी घातलेलाच नाही. शिपाई मामांना सगळी कपाटं पाठ. मी ड्यूईच्या वर्गीकरणाचं नाव काढलं की अध्यक्ष म्हणतात, “मॅडम, ते कॉलेजात ठीक आहे.” रंगनाथन, त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं, विषयाच्या पाच पैलूंचं पीएमईएसटी हे सगळं परीक्षेपुरतंच होतं का?

उत्तर : माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. आधी एक सांगते, मामांशी स्पर्धा लावू नकोस. दाखल अंकानं लावलेल्या वाचनालयात डाळिंबावरचं १९८५ साली आलेलं पुस्तक दारापाशी असतं आणि परवा आलेलं पार खिडकीखाली. मधलं अंतर मामा स्वतः चालून भरून काढतात. म्हणजे वर्गीकरण तुमच्याकडेही आहे, फक्त ते मामांच्या डोक्यात आहे. मामा खरसुंडीच्या यात्रेला गेले की तेही त्यांच्याबरोबर यात्रेला जातं. तेव्हा दुपारी गर्दी नसताना त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बस आणि विचार : शेतीची कुठे कुठे आहेत? आरोग्याची? हे पुस्तक कोण कोण नेतं? ते सांगतील ते लिहून काढ. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे तिसरं सूत्र मामा न शिकता पाळत आलेत. कुठलं नवं पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं हे तुला कळायला अजून दोन पावसाळे जातील.

आता ड्यूई. अध्यक्षांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मेल्विल ड्यूईनं १८७६ साली अमेरिकेत आपली दशांश पद्धत छापली, तेव्हा त्याच्या नजरेसमोर मराठी मुलखातलं वाचनालय असायचं कारण नव्हतं. धर्माच्या २०० मध्ये ख्रिस्ती धर्मानं २२० ते २८० एवढी ऐसपैस बैठक मारलीय आणि हिंदू धर्म २९४.५ मध्ये अंग चोरून उभा आहे. मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कथा-कादंबरी ८९१.४६३. तुमच्या वाचनालयात निम्मी पुस्तकं तरी कथा-कादंबऱ्याच असणार. त्या सगळ्यांच्या कण्यावर एकच आकडा चिकटवून कुणाचं काय भलं होणार? वर्गांकाचं काम वेगळेपण दाखवायचं. जिथे तो ते दाखवत नाही तिथे तो फक्त शाई आहे. कादंबऱ्यांना वर्गांक न घालता त्या लेखकाच्या आडनावानं लाव, कण्यावर नावातली पहिली तीन अक्षरं लिही. ड्यूई वापरणारी जगातली कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयं हेच करतात. त्यात अशास्त्रीय काही नाही, अध्यक्षही खूश.

कादंबऱ्या सोडून उरतात त्या पुस्तकांना मात्र वर्गांक घालच. तिथे खरी मजा आहे. ज्ञानेश्वरी घे. ड्यूईच्या हिशेबानं ती गीतेवरची टीका, म्हणून २९४.५९२४. तुकोबांची गाथा ही मराठी कविता, म्हणून ८९१.४६१. झालं, दोन्ही दोन टोकांना. गावातला माळकरी पारायणाच्या आधी दोन्ही मागायला येतो आणि आपण त्याला वाचनालयभर हिंडवतो. चौथं सूत्र काय सांगतं? वाचकाचा वेळ वाचवा. मग गाथा, ज्ञानेश्वरी, भागवत, हरिपाठ हे सगळं एका कपाटात आण. आकडा कुठलाही एक ठरव, पण ठरव. आणि एक जाड वही घालून तिच्यावर ‘निर्णय’ असं लिही. पहिल्या पानावर नोंद कर : संतसाहित्य एकत्र, अमुक वर्गांकाखाली, कारण वाचक एकत्र मागतो, तारीख, सही. नियम वाकवायला माझी हरकत नाही. न लिहिता वाकवायला आहे. तू उद्या लग्न होऊन जतला गेलीस किंवा दुसरीकडे लागलीस, तर तुझ्या जागी येणारी मुलगी गाथेची नवी प्रत पुन्हा कवितेत नेऊन ठेवील, आणि तिचं काही चुकलंय असं तिला कुणी म्हणू शकणार नाही.

आणि पीएमईएसटी. हा तर मी रोज वापरला, आणि वर्गांक बनवण्यासाठी क्वचितच. रंगनाथन मूळचे गणिताचे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, मग शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला : तीच पट्ट्या-चाकं, तेच स्क्रू, जोडणी बदलली की नवी वस्तू. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, हे त्यांना तिथे सुचलं. पाच सूत्रांचं पुस्तक १९३१ साली आलं, आणि या जोडणीवर उभी असलेली त्यांची स्वतःची पद्धत, कोलन वर्गीकरण, १९३३ साली. व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ, काळ हे पाच पैलू आपण घोकले ते पेपरसाठी. आता ते काउंटरवर घेऊन ये.

पलूसकडचा एक बागायतदार आला. म्हणाला, “बाई, द्राक्षाचं पुस्तक द्या की.” द्राक्षाचं पुस्तक म्हणजे लागवडीपासून बेदाण्यापर्यंतचं जाडजूड काहीतरी. ते दिलं असतं तर दोन दिवसांनी तसंच परत आलं असतं. द्राक्ष हे व्यक्तित्व, ते त्यानं सांगितलं. मी विचारलं, बागेत काय झालंय? “दावण्या दिसतोय पानाच्या खालनं.” म्हणजे पान आणि रोग. काय करायचंय? “फवारणीच, दुसरं काय!” ही ऊर्जा. स्थळ विचारायची गरज नव्हती, त्याच्या बोलण्यातच ते होतं. राहिला काळ. “फळछाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झालं, आन् वरनं पाऊस.” आता कळलं की याला पुस्तक नकोच आहे, चालू हंगामाचा मासिकाचा अंक हवाय. कारण औषधांच्या बाबतीत काळ हा पैलू जीव घेणारा आहे. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं एखादं औषध आज बंद झालेलं असतं, निर्यातीच्या मालात त्याचा अंश सापडला तर माल परत येतो. जुनं पुस्तक देऊन मी त्याचं नुकसान केलं असतं, आणि तेही रजिस्टरला नोंद करून!

हे पाच प्रश्न तोंडावर पाचही नेमके विचारायचे नसतात, नाहीतर माणूस घाबरून जाईल. कुठला पैलू अजून कळला नाही एवढं डोक्यात ठेवायचं आणि गप्पा मारता मारता तेवढाच विचारायचा. परीक्षेत या विषयाला मला काठावरचे गुण होते, हे जाता जाता सांगून टाकते.

प्रश्न : मी तासगावचा निवृत्त शिक्षक. आमच्या वाचनालयानं मोठ्या कौतुकानं संगणक आणला. पूर्वी तालिकेच्या खणातली कार्डं चाळून पुस्तक मिळायचं. आता नाव टाकलं की ‘नोंद आढळली नाही’, आणि पुस्तक तर मला समोर कपाटात दिसतंय! संगणक खोटं बोलतो का?

उत्तर : गुरुजी, तो खोटं बोलत नाही, तो फार शब्दशः ऐकतो. कार्ड चाळताना तुमचं बोट दोन कार्डं मागेपुढे जायचं आणि डोळा चुकीची दुरुस्ती करून घ्यायचा. संगणकाला ते जमत नाही, ते आपण आधी करून ठेवावं लागतं.

पहिला संशय मी फाँटवर घेईन. आपल्याकडे सुरुवातीला नोंदी टंकल्या गेल्या त्या जुन्या फाँटमध्ये. तिथे पडद्यावर ‘इतिहास’ दिसतं, पण आत साठलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तुम्ही आज युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, ‘इतिहास’ टाकता. दोन्ही दिसायला जुळी भावंडं, आतून काही संबंध नाही. हे घाऊक रूपांतर करून सुटतं, पण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार घोटाळा करतात. म्हणून नंतर माणूस बसवून तपासावं लागतं. त्यासाठी चांगलं मराठी असलेला एखादा निवृत्त शिक्षक मिळाला तर… कळलं ना मी कुणाकडे बघतेय?

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सांडलेले असतात. सूचीचा नियम सांगतो की मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसं छापलंय तसंच उतरवा. नियम बरोबर आहे. उद्या एखाद्या संशोधकाला तीच आवृत्ती हवी असेल तर त्याला ओळख पटली पाहिजे. पण तुमचा नातू ‘काही’ असंच टाकणार. म्हणून मूळ शीर्षक होतं तसं ठेवायचं आणि आजच्या लेखनातलं शीर्षक दुसऱ्या रकान्यात जादा द्यायचं. इथे लोक एकतर जुनं सगळं ‘सुधारून’ टाकतात, किंवा पाठ्यपुस्तकात लिहिलंय म्हणून जादा नोंद करत नाहीत. दोन्ही आळसच.

माणसांच्या नावांचं तर विचारूच नका. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकच बाई. शिरवाडकरांची नाटकं एका नावाखाली, कविता दुसऱ्या. कार्डाच्या जमान्यात आपण ‘पहा’ आणि ‘हेही पहा’ अशी कार्डं घालायचो. संगणक आला आणि ही कार्डं रद्दीत गेली, कारण सगळ्यांना वाटलं यंत्रच शोधील. यंत्राला ही बाई आधी कोण होती आणि नंतर कोण झाली हे कुणी सांगितलं? नावांची प्रमाण यादी करून ती नोंदींना जोडावी लागते. सोय बहुतेक सगळ्या ग्रंथालय प्रणालींत आहे, ई-ग्रंथालयमध्ये आहे, कोहामध्ये आहे. वापरत कुणी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४४ साली प्रसिद्ध केली, तेव्हा हाताशी काय होतं? कागदाच्या चिठ्ठ्या. १९३८ ते १९५० चा पुढचा खंड १९६१ साली आला. नाव अडलं की मी आजही आधी दात्यांकडे जाते.

आणि एक खास आपल्या भागाचं सांगते, कारण बाहेरून आलेल्या ग्रंथपालाला हे कळायचं नाही. ‘सांगली जिल्हा’ असा विषय टाकून शोधलंत तर १९६० च्या आधीचं फारसं काही निघणार नाही. १९४९ पासून १९६० पर्यंत या जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं. त्याच्याही आधी काही तालुके सातारा जिल्ह्यात आणि बाकीचा मुलूख सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत वाटलेला. आटपाडी औंधकडे होती. त्यामुळे आटपाडीची जुनी कागदपत्रं कुणी ‘औंध’खाली लावलीत, कुणी ‘सातारा’खाली. प्रतिसरकारवरचं साहित्य तर हमखास साताऱ्यात सापडतं, जरी त्यातली निम्मी गावं आज सांगली जिल्ह्यात असली तरी. ‘दक्षिण सातारा, पहा सांगली’ एवढी एक ओळ प्रणालीत भरायला दोन मिनिटं लागतात.

जाता जाता : यादी अकारविल्हे काढलीत आणि ‘ळ’ ‘ल’च्या शेजारी, ‘क्ष’ ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ ‘ज’मध्ये दिसला तर दचकू नका. युनिकोडमध्ये त्यांच्या जागा तशाच आहेत. आपण मुळाक्षरांत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ म्हणतो तो क्रम हवा असेल तर प्रणालीला मराठीचा क्रम लावायला सांगावा लागतो.

प्रश्न : जुनी, फाटकी, कुणी न नेणारी पुस्तकं बाद करावीत असं आमच्या ग्रंथपालांचं म्हणणं. पण ग्रंथसंख्या कमी झाली तर वर्ग घसरेल, अनुदान कमी होईल. काय करावं? (कार्यवाह, कवठेमहांकाळ तालुका)

उत्तर : १९६७ च्या कायद्याखालच्या आपल्या व्यवस्थेत वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते, त्यामुळे तुमची भीती खरी आहे. पण याचा परिणाम असा होतो की जागेचं भाडं आपण वाळवीसाठी भरतो. ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ या पाचव्या सूत्राचा अर्थ नुसतं फुगणं असा नाही.

मधला रस्ता असा. मागच्या पानावरच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का केव्हाचा आहे ते बघा. वर्षानुवर्षं शिक्काच नाही, पानं तुटतात, आणि तेच पुस्तक नव्या आवृत्तीत मिळतं, अशांची यादी करा. समितीपुढे ठेवा, ठराव करा, रीतसर परवानगी घ्या, दाखल नोंदवहीत लाल शाईनं बादची नोंद करा, आणि त्याच वर्षी तेवढीच नवी घ्या. संख्या जागच्या जागी. जुनी स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं, कायद्याच्या कालबाह्य आवृत्त्या, बुडालेल्या संगणक प्रणालींची पुस्तकं यांच्यापासून सुरुवात करा, कुणी रडणार नाही.

शिक्का नसला तरी बाद करायचं नाही असं एक कपाट मात्र असतं : गावच्या सोसायटीची स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, स्थानिक कवीनं पदरमोड करून छापलेला संग्रह. ते मुंबईत मिळणार नाही आणि पुण्यातही नाही.

प्रश्न : आमचं वाचनालय नदीकाठी आहे. पूर आला की दरवेळी पळापळ. भिजलेली पुस्तकं उन्हात वाळत घालतो, ती पापडासारखी होतात. नीट पद्धत सांगाल का?

उत्तर : पद्धतीचा मोठा भाग पूर यायच्या आधीचा आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५, २०१९, २०२१ इतकी उदाहरणं असताना ‘एकदम पाणी आलं’ हे आता कुणी म्हणू नये.

मे महिन्यात एक दिवस काढा आणि कण्यांवर लाल ठिपके चिकटवा. ठिपका कशाला? जे पुन्हा विकत मिळणार नाही त्याला. गाजलेली कादंबरी भिजली तर महिन्याभरात नवी येते, तिला ठिपका नको. जुन्या मासिकांचे बांधीव खंड, हस्तलिखित अंक, दुर्मीळ आवृत्त्या यांना हवा. आणि हे बांधीव खंड जड म्हणून सगळीकडे तळाच्या फळीवर ठेवलेले असतात, म्हणजे पाण्याच्या तोंडी पहिले तेच! त्यांना वर चढवा, तळाला रोजच्या कादंबऱ्या येऊ द्या. पाणी चढायला लागलं की येणाऱ्या पोरांना एवढंच सांगायचं : लाल ठिपके आधी. त्या वेळी ‘हे महत्त्वाचं का ते’ यावर चर्चा करायला कुणाला सवड नसते.

ठिपक्यांच्याही आधी हलवायची दाखल नोंदवही. काय होतं आणि काय गेलं याचा एकमेव पुरावा तीच. पंचनाम्याला तीच लागते. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दुसऱ्या गावातल्या कुणाकडे ठेवा.

भिजलंच तर पुस्तक उघडायची घाई नको. ओला कागद उघडताना फाटतो. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलं धरून स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा, पिळू नका, दाबू नका. ऊन नको. उन्हानं कागद आक्रसतो, पुठ्ठा वाकतो, तुमचे पापड त्यामुळेच होतात. पंख्याच्या हवेत, उभं करून, पानं किंचित फाकवून ठेवा, आणि थोड्या थोड्या पानांमागे कोरा, न छापलेला कागद घाला. छापील वर्तमानपत्र घातलंत तर त्याची शाई उमटेल. कागद ओला झाला की बदला. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, त्यामुळे घड्याळ पाणी ओसरल्यापासूनच चालू झालेलं असतं.

फोटोंची गुळगुळीत पानं सगळ्यात वाईट. ती तशीच वाळली तर विटेसारखी चिकटतात आणि मग काही इलाज नाही. त्यांच्यात पानोपानी कागद घाला. तेवढी माणसं नसतील तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवा. गोठलेलं पुस्तक थांबून राहतं, मग सवडीनं एकेक बाहेर काढून वाळवता येतं. आपल्या भागात बेदाण्याची शीतगृहं आहेत, म्हणून लोक विचारतात. ती थंड असतात, पण साधारणपणे गोठवणारी नसतात. तिथे बुरशीला उशीर होईल, ती थांबणार नाही. आइस्क्रीमचा डीप फ्रीझर असलेला दुकानदार तुमचा सभासद असेल तर त्याच्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा.

प्रश्न : मुलीला ग्रंथालयशास्त्र घ्यायचंय. घेऊ द्यावं का? (एक पालक, मिरज)

उत्तर : गावच्या वाचनालयात नोकरी करून घर चालेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. अनुदानावरच्या कर्मचाऱ्यांचं मानधन तुटपुंजं असतं आणि वेळेवर येईलच असंही नाही. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर सार्वजनिक वाचनालयात काम मिळतं. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. आणि पुढे नेट किंवा सेट धरून चाला. त्याही जागा कमी निघतात. शाळा, संशोधन संस्था, वृत्तपत्रांची संदर्भ कक्षं, कंपन्यांतलं दस्तऐवजांचं काम, असे आडवाटेचे रस्ते आहेत. पण ‘पुस्तकं वाचायला आवडतात’ एवढंच कारण असेल तर बँकेत नोकरी करून संध्याकाळी वाचनालयाची वर्गणी भरावी. या कामात पुस्तकं वाचायला वेळ मिळत नाही. अनोळखी माणसाला काय हवंय ते त्याच्या अर्ध्या वाक्यावरून ओळखायची तिला गंमत वाटत असेल, तर घालाच.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात आहे. ती वाचनालयातून काय नेते ते ग्रंथपालांना विचारलं, तर त्यांनी सांगायला नकार दिला. मी वाचनालयाचा जुना वर्गणीदार आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : अगदी योग्य आहे. तुमच्या ग्रंथपालांना माझा नमस्कार सांगा.

सभासद काय वाचतो ही त्याची खाजगी गोष्ट, हा आमच्या धंद्यातला जुना संकेत आहे. डॉक्टरांनी पेशंटचं सांगू नये तसंच. मुलीची सभासद म्हणून वेगळी नोंद असेल तर तिथे ती तुमची मुलगी नाही, सभासद आहे. गावात हे अवघड जातं, मान्य आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि काउंटरवर ‘परवा तुमच्या सूनबाईंनी तेच नेलं होतं’ असं सहज बोललं जातं. पण त्या बोलण्यानंतर ती सूनबाई बाळंतपणाचं, नैराश्याचं, घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक न्यायला येत नाही. ते पुस्तक कपाटात राहतं आणि ती घरात. दुसरं सूत्र सांगतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. ते फक्त खरेदीच्या वेळी पाळून भागत नाही.

मुलगी काय वाचते ते तिलाच विचारा. घरी मागे-पुढे पडलेलं पुस्तक उचलून वाचलंत तरी चालेल, तेवढी मुभा बापाला आहे.

आणि हे उत्तर वाचणाऱ्या ग्रंथपालांसाठी : अजून कितीतरी ठिकाणी पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर नेणाऱ्याचं नाव लिहिलं जातं, आणि पुढचा वाचक आधीच्या सगळ्यांची नावं निवांत वाचत बसतो. नावाऐवजी सभासद क्रमांक लिहा. जुनी कार्डं एकदम बदलायची गरज नाही. पुस्तक परत आलं की त्याचं कार्ड बदलून टाका, वर्षभरात जी फिरतात ती सगळी बदलून होतील.